राणीच्या बागातील बिऱ्हाडकरू

मुंबईस प्रथमच आलेल्या पाहुण्यास राणीचा बाग दाखविल्यावाचून परत पाठविणे हे पूर्वी यजमानास कमीपणाचे वाटत असे. पाहुणा कोकणातला असो की वऱ्हाडातला, त्यास भायखळ्यास नेऊन वाघ-सिंह दाखविले म्हणजे पाहुणचार सुफळ संपूर्ण झाला अशी समजूत होती. त्यामुळे ‘राणीचा बाग’ म्हणजे पिंजरे हे समीकरण तीन-चार पिढ्यांच्या मनांत पक्के बसून गेले आहे. आमचे म्हणणे असे आहे की, पिंजरे क्षणभर बाजूस ठेवून हा बाग पाहावा. तसा पाहिला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. येथे जे जे म्हणून पाहण्याजोगे आहे, ते बहुतेक सारे दुसऱ्या कोठले तरी आहे. कोणी आपण होऊन आलेला नाही. कोणास आणले, कोणास हाकलले, कोणास रातोरात उचलून येथे टाकले. सारे बिऱ्हाडकरू!

दात, केस, नखे आणि माणसे ही आपल्या ठिकाणाहून ढळली म्हणजे शोभत नाहीत, अशा अर्थाचे एक सुभाषित आपणां सर्वांस ठाऊक आहे. आम्ही ते तीस वर्षे संस्कृतच्या वर्गात मुलांकडून पाठ करून घेतले. त्या वचनास या बागात साक्षीही मिळतात आणि प्रतिसाक्षीही. गेल्या पौषात एका रविवारी सकाळपासून सायंकाळपर्यंत आम्ही तेथे होतो, त्याची ही हकीकत.

जाण्याचे निमित्त आमच्या ज्येष्ठ बंधूंचे होते. दादांची उमर आता पंचाहत्तरीच्या घरात. सारा जन्म गिरगावातील एका चाळीत दोन खोल्यांत गेला. ती चाळ पाडून तेथे उंच इमारत उभी राहावयाची आहे, म्हणून गतवर्षी ते डोंबिवलीस चिरंजीवांकडे राहावयास गेले. घर प्रशस्त आहे, सूनबाई मायाळू आहेत, नातवंडे हाताशी आहेत. तक्रारीस जागा नाही, आणि दादा तक्रार करीतही नाहीत. परंतु त्यांच्या पुस्तकांचे गठ्ठे वर्ष झाले तरी सुतळीने बांधलेलेच आहेत. सूनबाईंनी कपाट रिकामे करून दिले, तेव्हा “राहू दे, घाई काय आहे” एवढेच ते म्हणाले. पुण्याहून आम्ही सहकुटुंब भेटीस गेलो, तेव्हा ही गोष्ट आमच्या मंडळींच्या दृष्टीस प्रथम पडली. “भावोजींना कुठे तरी बाहेर न्या,” असे त्यांनी रात्री आम्हांस बजावले. कोठे जावयाचे हे नातवाने ठरविले. त्यास पेंग्विन पाहावयाचे होते.

डोंबिवलीहून जलद लोकलने भायखळा फार दूर नाही. रविवार असल्यामुळे सर्वांस बसावयास जागा मिळाली व दशम्या ठाण्याच्या आतच संपल्या. भायखळ्याचे स्थानक घाईने ओलांडून जाऊ नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच मार्गाने गेली. येथील जुनी दगडी इमारत अलीकडे फार काळजीपूर्वक दुरुस्त करण्यात आली, आणि त्या कामाबद्दल २०२२ मध्ये युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले. फलाटावरील लोखंडी खांब व लाकडी छत पाहण्यासाठी आम्ही थांबलो, तेव्हा मागून येणाऱ्या गर्दीने आम्हांस अडथळा समजून बाजूस सारले, हेही सांगितले पाहिजे.

पूर्वेच्या अंगाने बाहेर पडून दहा-बारा मिनिटे चालले की बागाचे प्रवेशद्वार लागते. सरकारी नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’. १९६९ पासून ते जिजामातेच्या नावाने आहे, तथापि टॅक्सीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सर्व जण ‘राणीचा बाग’ असेच म्हणतात. राणी कोणती हे आता कोणी विचारीत नाही. एका दृष्टीने बरेच झाले म्हणावयाचे. शब्द जुना राहिला व त्यातील मनुष्य तेवढा बदलला.

बागाची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. आज शिवडीस जेथे ख्रिस्ती लोकांची स्मशानभूमी आहे, तेथे पूर्वी पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेची बाग होती. १८६५ च्या सुमारास मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरास स्मशानासाठी जागेची निकड पडली आणि ती बाग त्यांनी घेतली. तेथील वनस्पतींस मग भायखळ्याच्या या नव्या बागाचा आसरा मिळाला. या बागाचे उद्घाटन त्यापूर्वीच, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते झाले होते. १८७३ मध्ये हा बाग म्युनिसिपालिटीच्या ताब्यात आला व तो आजतागायत तिच्याकडेच आहे. तात्पर्य, मृतांनी जागा घेतली म्हणून वृक्षांनी बिऱ्हाड हलविले. पहिला बिऱ्हाडकरू बागच होय.

आणि वृक्ष तरी कोठकोठले! आत शिरताच मुले पेंग्विनांच्या दिशेने धावली, त्यांच्याबरोबर सूनबाई गेल्या. आम्ही, आमची मंडळी व दादा असे तिघे वृद्ध झाडांकडे वळलो. गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा पाहून आमच्या मंडळींनी हात जोडले. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेतला, परंतु आपल्या लोकांनी त्यास गोरक्षनाथांच्या नावाने ओळखावयास आरंभ केला, त्यास शतके लोटली. कैलासपतीची गोष्ट याहूनही मौजेची. त्याच्या फुलाच्या मध्यभागी पिंडीसारखा उंचवटा असतो व वर नागाच्या फण्याप्रमाणे केसरांचे छत्र असते. म्हणून ते शिवाचे फूल. शिवमंदिरांच्या आवारात हे झाड आवर्जून लावतात. वस्तुतः ते दक्षिण अमेरिकेतले. आपल्या कोणाही प्राचीन कवीच्या किंवा निघंटुकाराच्या दृष्टीस ते कधी पडले नसावे. पण भक्तांस त्याचे काय? फुलाने पिंडी दाखविली, भक्तांनी त्यास कैलासाचे धनी करून टाकले. वनस्पतीस नागरिकत्व देण्याची ही आपली रीत आम्हांस मोठी उदार वाटते.

उर्वशीच्या झाडापाशी मात्र दादा प्रथमच मनापासून थांबले. ही ब्रह्मदेशची. तेथील रानांतही ती आता अगदी क्वचित आढळते असे म्हणतात. कोवळी पाने लांबट, मऊ, तांबूस रंगाची, हातरुमालासारखी खाली लोंबणारी; आणि फुलांचे घोस झुंबरासारखे अधोमुख, किरमिजी रंगाचे, पाकळ्यांच्या टोकांस पिवळा ठिपका. इंग्रजांनी तिला गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांच्या घरातील स्त्रियांचे नाव दिले. मराठीत ती उर्वशी झाली. ज्या कोणी हे नाव दिले त्यास विक्रमोर्वशीय खचित आठवले असले पाहिजे, कारण परलोकातून येऊन मर्त्यलोकी राहिलेल्या स्त्रीस याहून योग्य नाव नाही. आम्ही गेलो तेव्हा तीन-चारच घोस लागले होते. एक माळी जवळ पाचोळा गोळा करीत होता, त्यास दादांनी विचारले, “हिचे बी मिळते का हो?” तो म्हणाला, “बी धरत नाही, काका. गुटी बांधावी लागते. ती पण दहातली एखादी धरते.” दादांनी पुढे काही विचारले नाही, परंतु बराच वेळ ते त्या खोडाकडे पाहात होते.

या झाडांसंबंधी एक गोष्ट कृतज्ञतापूर्वक नमूद केली पाहिजे. २००७ नंतर या प्राणिसंग्रहालयाचे नवे, भव्य, परदेशी धर्तीचे रूप करावे अशी एक योजना पुढे आली होती. तीत झाडांचा व जुन्या रचनेचा बळी जाईल हे ओळखून मुंबईतील काही नागरिकांनी, त्यांत स्त्रियाच पुढे होत्या, वर्षानुवर्षे चिकाटीने विरोध केला. त्यांनी झाडे मोजली, त्यांची नावे लिहून काढली, बागाचा इतिहास लोकांपुढे ठेवला. त्या योजनेस तिच्या मूळ रूपात वारसा समितीची संमती मिळाली नाही. आज आपण उर्वशीखाली उभे राहतो ते या भगिनींच्या पुण्याईने. मोर्चे व घोषणा यांपेक्षा झाडांची यादी करणे हे अधिक परिणामकारक शस्त्र ठरते, याचा हा वस्तुपाठ शाळांतून सांगण्यासारखा आहे.

आता संग्रहालयाकडे वळू. हे बागाच्या दर्शनी भागीच आहे, तरी रविवारी बागात लोटलेल्या हजारो लोकांतून त्याची पायरी चढणारे आम्हांस तरी थोडेच दिसले. पूर्वी त्याचे नाव व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियम असे होते. १९७५ पासून ते डॉक्टर भाऊ दाजी लाड संग्रहालय झाले. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय. २ मे १८७२ रोजी ते लोकांस खुले झाले; परंतु त्याच्या जन्माची हकीकत त्याहून मागची आहे आणि तीही बिऱ्हाड मोडल्याचीच आहे.

१८५५ मध्ये पॅरिस येथे मोठे प्रदर्शन भरावयाचे होते. त्यासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीच्या व उपजेच्या वस्तू जमविण्यात आल्या, तेव्हा त्यांचे दुसरे नग मुंबईतच ठेवून संग्रहालय करावे असे ठरले. कोटातील बराकीत ते थाटण्यात आले. इतक्यात १८५७ साल उजाडले. बंडाच्या धामधुमीत बराक लष्करास हवी झाली आणि संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला. त्यात पुष्कळ वस्तूंचा नाश झाला. उरलेल्यांचा सांभाळ तरुण इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनी केला. पुढच्याच वर्षी नव्या इमारतीसाठी लोकांतून वर्गणी गोळा करण्याचे ठरले. त्यात नाना शंकरशेट अग्रभागी होते, आणि बर्डवुड यांच्या जोडीला चिटणीस होते डॉक्टर भाऊ दाजी. कोनशिला १८६२ मध्ये बसली. अमेरिकेतील यादवीमुळे तेव्हा मुंबईत कापसाचा पैसा वाहात होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या आणि बांधकाम रखडले. अखेर सरकारने हात घातला तेव्हा इमारत पुरी झाली.

आत पाऊल टाकताच डोळे दिपतात हे खोटे नाही. उंच लोखंडी खांब, त्यांवर सोनेरी वेलबुट्टी, फिकट हिरव्या भिंती, विलायती नक्षीच्या फरश्या, आणि वरच्या सज्जास धरणारे नाजूक कठडे. काही दशकांपूर्वी हे सारे धूळ, गळती व उदासीनता यांनी ग्रासलेले होते. २००३ मध्ये महानगरपालिका, इंटॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जीर्णोद्धाराचे काम अंगावर घेतले. युनेस्कोने २००५ मध्ये त्या कामाचा गौरव केला आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. सरकारी कपाटांचा उबट वास आम्हांस सर्वत्र परिचित आहे; येथे तो मुळीच नव्हता.

खालच्या मजल्यावर कारागिरीच्या वस्तू आहेत: बिदरी काम, चांदीची भांडी, हस्तिदंताच्या व शिंगाच्या वस्तू, लाखकाम, जयराम-तुकारामांच्या हातून घडलेली असावीत अशी घरगुती वाटणारी मातीची भांडी. त्यांतील पुष्कळशी भांडी मुंबईच्या कलाशाळेच्या कुंभारकामातून निघाली, आणि अजिंठ्याच्या चित्रांची नक्षी त्यांवर उतरलेली दिसते. आमच्या मंडळींनी चांदीच्या अत्तरदाणीपुढे इतका वेळ घालविला की पहारेकऱ्यास संशय यावा. परंतु ज्यासाठी मुद्दाम यावे ते वरच्या मजल्यावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कलाशाळेचे मुख्य सेसिल बर्न्स हे येथील क्युरेटर झाले व त्यांनी मुंबईतील लोकांचे, त्यांच्या वेषांचे व व्यवसायांचे मातीचे छोटे नमुने करवून घेतले. वीतभर उंचीची माणसे: कोळी, पारशी, बोहरी, भाटिये, ब्राह्मण, प्रत्येकाचे पागोटे निराळे, धोतराचा काचा निराळा. एका काळी मुंबईच्या रस्त्यावरून चालणाऱ्या मनुष्याचे डोके पाहून त्याची जात, गाव व धंदा ओळखता येई. आता सगळ्यांची डोकी उघडी, ही एक परी सोयच झाली. तथापि पगड्यांची ती विविधता पाहून कारागिरांविषयी हळहळ वाटल्यावाचून राहात नाही. पारशांच्या दोखम्याची प्रतिकृती येथे आहे, जी आत डोकावण्याची मनाई असलेली वास्तू आपणांस घरबसल्या समजावून सांगते. सात बेटांची मुंबई एक कशी झाली हे दाखविणारे नकाशे आहेत. दादांनी चष्मा पुसून गिरगाव शोधून काढले व त्यावर बोट न टेकता, काचेपासून अर्ध्या इंचावर, पुष्कळ वेळ बोट धरले.

डॉक्टर भाऊ दाजींविषयी चार शब्द अधिक लिहिणे आम्हांस भाग आहे, कारण ते आमचे व्यवसायबंधू होते. गोव्यातील मांद्रे येथले हे सारस्वत गृहस्थ. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून तेथेच शिक्षक झाले. काठेवाड-कच्छातील मुलींच्या हत्येवर निबंध लिहून त्यांनी सहाशे रुपयांचे बक्षीस मिळविले. मग ग्रँट मेडिकल कॉलेजात शिरले व १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले. गरिबांस फुकट औषध देत, महारोगावर औषध शोधीत, मुलींच्या शाळांस साह्य करीत, आणि उरलेल्या वेळात (तो त्यांस कोठून मिळे हे कोडेच आहे) शिलालेख वाचीत व पोथ्या धुंडाळीत. आर्यभटीयाच्या पोथ्या मिळवून त्यांनी आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त यांच्या काळाविषयी १८६५ मध्ये निबंध लिहिला, तो त्या विषयातील पायाभूत लेखांत मोडतो. कालिदास म्हणजेच काश्मीरचा मातृगुप्त असे त्यांचे एक मत होते. ते पुढे टिकले नाही, आणि आम्हांसही ते कधी पटले नाही. पण ज्या काळी कालिदासाच्या काळाविषयी नुसत्या दंतकथा सांगत, त्या काळी या गृहस्थाने पुराव्याची भाषा सुरू केली. १८७४ मध्ये ते वारले. ज्या इमारतीसाठी त्यांनी दारोदार वर्गणी मागितली, तिच्यावर त्यांचे नाव लागावयास शंभर वर्षे लागली.

संग्रहालयाच्या बाहेर अंगणात दगडी हत्ती आहे. आमच्या मते साऱ्या बागात याच्याइतकी करुण व याच्याइतकी गंभीर वस्तू दुसरी नाही. हा घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा किनाऱ्याजवळ हा काळ्या पाषाणाचा प्रचंड हत्ती त्यांस दिसला, म्हणून त्यांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले. म्हणजे जगभर ज्या नावाने ती लेणी ओळखली जातात ते नाव याचे आहे, आणि हा स्वतः तेथे नाही! १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली. पुढे धडही खचले. १८६४ मध्ये त्यास इंग्लंडास न्यावे असा बेत झाला. उचलण्यासाठी लावलेली यारी मोडली, हत्ती खाली आला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इंग्लंडास नेण्यात काय हशील? ते या बागात आणून टाकले. पन्नास वर्षे ते तसेच पडून होते. १९१४ च्या सुमारास कॅडेल व ह्यूएट या दोघांनी ते जुळवून पुन्हा हत्ती उभा केला. सांधे अजून स्पष्ट दिसतात. यारीची मजबुती थोडी अधिक असती तर हा गजराज आज लंडनच्या एखाद्या दालनात असता व आपण त्याच्या परतीसाठी अर्ज करीत बसलो असतो.

पेंग्विन पाहून मुले परत आली होती. नातवाने सगळी गोष्ट ऐकून सरळ प्रश्न टाकला, “मग आता याला घारापुरीला का नेत नाहीत?” प्रश्न बिनतोड होता. आम्ही म्हणालो की न्याय पाहता न्यावयास पाहिजे. बेटास त्याचे नाव आहे, जागा ठाऊक आहे, आणि आता यारीही मजबूत मिळतील. दादा म्हणाले, “पुन्हा उचलायचा, आणि पुन्हा सांधे निखळले तर? एकदा तुटून जोडलेल्याला फार हलवू नये.” त्यावर नातू म्हणाला, “पण थोरले आजोबा, त्याला तिकडची आठवण येत असेल ना?” दादांनी उत्तर देण्यास वेळ घेतला. “येत असेल,” ते म्हणाले, “पण इथे त्याला पोरे भेटायला येतात. तिकडे नुसते समुद्राकडे बघत उभा होता.”

हा वाद आम्ही येथे निकालात काढीत नाही. आमचे मत अद्याप हत्ती घारापुरीस जावा असेच आहे. वाचकांनी स्वतः पाहून ठरवावे.

हत्तीनंतर पुतळे. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या चौकाचौकांतील इंग्रजांचे पुतळे कोठे ठेवावे हा प्रश्न होता. १९६५ मध्ये ते उचलून येथे आणले. मंडळी मोठी नामांकित आहे. कॉर्नवालिस आहेत, ज्यांच्या पुतळ्यास कोटातील भाबडे लोक एके काळी ‘छोटा देऊळ’ समजून फुले वाहात. वेलस्ली आहेत, सँडहर्स्ट आहेत. आणि साक्षात व्हिक्टोरिया राणी आहे. संगमरवराचा हा पुतळा बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी दिलेला, मॅथ्यू नोबल नावाच्या शिल्पकाराने घडविलेला, आणि १८७२ मध्ये मुंबईच्या कोटाबाहेर मोठ्या थाटाने बसविलेला. याच पुतळ्यास १८९६ मध्ये पुण्याच्या दामोदर चाफेकरांनी डांबर फासून जोड्यांची माळ घातली. तो डाग काही केल्या निघेना. तेव्हा रसायनशास्त्राचे अध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी आपल्या विद्येने तो काढला व त्यांची कीर्ती झाली. एका देशी माणसाने डांबर लावावे आणि दुसऱ्या देशी माणसाने ते काढावे, आणि दोघांचीही नावे इतिहासात राहावी, हे त्या काळाचे यथार्थ चित्र आहे. आज त्या मुखावरील तेज गेले आहे, दगडही झिजला आहे.

आणखी एक मौज आमच्या मंडळींच्या लक्षात आली, आमच्या नव्हे. राणीचे यजमान आल्बर्ट यांचा पुतळा संग्रहालयाच्या आत, सोनेरी छताखाली, मानाच्या जागी उभा आहे. तोही नोबल यांनीच घडविलेला, डेव्हिड ससून यांनी दिलेला. राणी मात्र बाहेर उघड्यावर. “साहेब घरात आणि बाईसाहेब अंगणात,” असे म्हणून त्या जे हसल्या, ते गाडीत बसेपर्यंत मधूनमधून हसतच होत्या.

याच परिसरात काळा घोडा आहे. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील सातवे एडवर्ड, यांचा हा अश्वारूढ धातूचा पुतळा बोह्म या शिल्पकाराचा. आल्बर्ट ससून यांनी दिला व १८७९ मध्ये कोटात उभारला गेला. घोडा १९६५ मध्ये येथे आला, पण नाव मात्र मूळ जागीच राहिले. त्या भागास आजही काळा घोडाच म्हणतात. २०१७ मध्ये तेथे एक नवा घोडा उभारला आहे, त्यावर स्वार नाही. दादांच्या तोंडून या ठिकाणी एकाएकी शब्दांचा लोंढा सुटला. आमचे वडील कोटात एका कचेरीत कारकून होते. शनिवारी अर्ध्या दिवसाने कचेरी सुटे, तेव्हा दादांस घेऊन आई काळ्या घोड्यापाशी उभी राही, आणि तेथून तिघे ट्रामने कधी म्युझियमला, कधी याच बागात येत. आम्ही तेव्हा पाळण्यात. (मुंबईची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद झाली, हे तरुण वाचकांसाठी सांगतो.) “तेव्हा हा इतका उंच वाटायचा,” दादा म्हणाले, “की वरचा माणूस मला कधी दिसलाच नाही. फक्त घोड्याचे पोट.” मग नातवास जवळ घेऊन त्यांनी वडिलांच्या टोपीचे, आईच्या पिशवीतील चणे-कुरमुऱ्यांचे आणि ट्रामच्या कंडक्टरच्या घंटीचे इतके वर्णन केले की सूनबाई चकित होऊन ऐकत राहिल्या. त्यांनी हे पूर्वी कधी ऐकले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही नाही.

पशुपक्ष्यांविषयी थोडक्यात सांगतो. पेंग्विन दक्षिण अमेरिकेच्या पेरू-चिली किनाऱ्याकडील जातीचे आहेत. २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातून आणले गेले. काचेमागे यंत्राने थंडी केलेली आहे व तीत ते कोटवाल्या वकिलांप्रमाणे इकडून तिकडे फिरतात. रांग मोठी असते. वाघांसाठी नवे, मोकळे आवार केले आहे, ते जुन्या गजांच्या पिंजऱ्यांपेक्षा कितीतरी बरे. पाणघोडा दिवसभर पाण्यातच होता. त्याच्या नाकपुड्या पाहून समाधान मानावे लागले. मुलांनी मात्र सर्व काही पाहिले आणि त्यांस एवढे विस्तृत वर्णन देता येते की ते येथे देण्याचे कारण नाही.

चार वाजता आम्ही उर्वशीच्या दिशेने पुन्हा एकदा गेलो. हा दादांचा आग्रह. माळी तेथे नव्हता. खाली पडलेले एक फूल दादांनी उचलून रुमालात बांधले. परतीच्या गाडीत सूनबाईंस त्यांनी विचारले की, कपाटाच्या वरच्या खणापर्यंत हात पोचतो का. आणि ते जे कोशाचे जाड खंड आहेत, ते खाली ठेवले तर कपाट कलंडणार तर नाही ना?

वाचकांपैकी कोणास जावयाचे असल्यास बुधवार टाळावा. त्या दिवशी बाग व संग्रहालय दोन्ही बंद असतात. प्रथम संग्रहालय पाहावे, मग हत्ती, मग झाडे, आणि जनावरे सर्वांत शेवटी. मुले बरोबर असली तर हा क्रम पाळला जाणार नाही हे आम्ही जाणून आहो. माघ-फाल्गुनात गेल्यास उर्वशीचा बहर पुरता सापडेल.